वाडीच्या गणपतीत कार रेसिंगची स्पर्धा: ग्रान टुरिस्मो ठेवायची की फोर्झा?

वर्गणीवाली

नमस्कार मंडळी. मी स्वतः गेम खेळत नाही. "ताई, तुम्हाला त्यातलं कळत नाही" हे वाक्य मी घरी आणि वाडीत पुरेसं ऐकते, तेव्हा ते इथे लिहायचे कष्ट कोणी घेऊ नयेत.

गिरगावातली आमची वाडी, सार्वजनिक गणपती, मी खजिनदार. पोरांचं म्हणणं पडलं की रांगोळी, पाककृती, संगीतखुर्ची दरवर्षीच असतं, यंदा मोठ्या पडद्यावर कार रेसिंगची स्पर्धा होऊ दे. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. मग कोणीतरी विचारलं, "पण गेम कुठला?" झालं, तिथून जी जुंपली ती अजून चालूच आहे.

मीटिंगचं इतिवृत्त मीच लिहिते. विसर्जनाचा ट्रक, बँजो, प्रसाद, मांडववाल्याचा अॅडव्हान्स, हे सगळं चहा यायच्या आत उरकलं. 'विषय क्र. ६: गेम' यावर चहा दोनदा झाला आणि अध्यक्ष "तुमचं ठरलं की सांगा" म्हणून उठून गेले. पुढच्या चाळीत बहुतेक प्लेस्टेशनवाले, त्यांना ग्रान टुरिस्मो पाहिजे. मागच्या चाळीत एक्सबॉक्स, त्यांना फोर्झा. हे शाळकरी पोरांचं भांडण असतं तर मी दोघांचे कान धरून सोडवलं असतं. पण सगळ्यात चढा आवाज होता तो आमच्या सीए साहेबांचा, ज्यांची मुलगी यंदा बारावीला आहे. त्यांनी भर सभेत समोरच्याला "तुमचं ते आरटीओ ऑफिस" म्हटलं. समोरून उत्तर आलं, "आणि तुमची ती जत्रेतली मोटार." मी दोन्ही वाक्यं इतिवृत्तात घातली आहेत. सही करायला आता दोघंही तयार नाहीत.

मला चांगलं-वाईट नको, कामाचं सांगा. ४२ नावं आलीत, वय वर्षं आठपासून पन्नाशीपर्यंत. आरती आटोपली की सुरू करायचं आणि स्पीकर दहाला बंद. कन्सोल विकत घेणार नाही, पोरं आपापले आणणार. मांडववाला प्रोजेक्टर देतो म्हणालाय. एकाकडे स्टीअरिंग आहे. बघणाऱ्यांत निम्म्या आज्या आणि काकू असणार, त्यांना जांभया यायला नकोत. यात कुठला गेम बसतो?

डोंबिवली_ड्रिफ्टर

ताई, यात विचार कसला करताय! फोर्झा होरायझन ५. मेक्सिकोचा अख्खा नकाशा, ज्वालामुखीच्या उतारावरून गाडी सोडायची, समोरून धुळीचं वादळ येतं. आज्यांना सीरियल विसरायला लावेल. ग्रान टुरिस्मोत आधी लायसन्सच्या परीक्षा द्या, मग कॅफेत बसून जुन्या गाड्यांची माहिती ऐका. गणपतीत लोक नाचायला येतात, अभ्यासाला नाही. वर फोर्झात चूक झाली की रिवाइंड मारायचं, २००९ पासून सोय आहे. आठ वर्षांच्या पोराने गाडी ठोकली तर रडत घरी तरी जाणार नाही.

बी_लायसन्स

रिवाइंड मारता येतं ती स्पर्धा? मग कॅरममध्येही स्ट्रायकर परत घ्यायला द्या.

ताई, ग्रान टुरिस्मोने गेम खेळणाऱ्यांना खऱ्या रेसच्या गाडीत बसवलंय. २००८ पासून निसानबरोबर जीटी (म्हणजे ग्रान टुरिस्मो) अॅकॅडमी नावाची स्पर्धा चालवली. २०११ मध्ये ती जिंकलेला यान मार्डेनबरो पुढे खरोखर रेस ड्रायव्हर झाला, त्याच्यावर २०२३ मध्ये सिनेमाही आला. गेमचा कर्ता काझुनोरी यामाउची स्वतः २०११ मध्ये जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवरच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिला आलेल्या टीमचा ड्रायव्हर होता. फोर्झाने कुणाला कुठे बसवलंय ते यांना विचारा.

डोंबिवली_ड्रिफ्टर

सोफ्यावर, भावा. तुम्हाला मात्र नुसतं ताटकळत बसवलं. चौथा भाग डिसेंबर २००४, पाचवा नोव्हेंबर २०१०. आणि एवढं थांबून मिळालं काय? हजार गाड्या, त्यातल्या आठशेच्या आसपास पीएस२ च्या, म्हणजे जुन्या प्लेस्टेशनच्या, जमान्यातल्या उचलून आणलेल्या. आत बसावं तर डॅशबोर्डच नाही. त्या सहा वर्षांत फोर्झाचे पहिले तीन भाग येऊन गेले.

बी_लायसन्स

आणि २०१३ चा फोर्झा मोटरस्पोर्ट ५? होरायझन नव्हे, फोर्झाची ट्रॅकवरची मूळ मालिका. फोर्झा ४ मध्ये ५०० गाड्या होत्या, पाचमध्ये आल्या २००. न्युर्बुर्गरिंग सुरुवातीला नव्हतंच, नंतर दिलं. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्येही पुन्हा तेच, न्युर्बुर्गरिंगचा मोठा ट्रॅक पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. एकदा झालं तर चूक म्हणू. दोनदा झालं की सवय.

वर्गणीवाली

अहो, हे सगळं आमच्या मीटिंगमध्ये झालंय, आठशे गाड्यांसकट. तुम्ही दोघं आमच्याच वाडीतले नाही ना? कोणी तिसरा माणूस आहे का इथे?

पार्लरवाला_लालबाग

आहे ताई. जरा लांबण लागेल.

पीएस२ च्या काळात लालबागला माझं गेम पार्लर होतं. पोटमाळ्याखालची खोली, चार टीव्ही, चार कन्सोल, एक टेबलफॅन. कन्सोल लॅमिंग्टन रोडवरून आणलेले, चिप मारलेले, कारण तेव्हा मुंबईत दुसऱ्या प्रकारचा पीएस२ बघायला मिळणं म्हणजे नवलच. डीव्हीडी कुठल्या असायच्या ते विचारू नका. तासाला वीस रुपये, परीक्षा संपल्या की बाहेर पायरीवर नंबर लावून बसलेली पोरं.

आता धंद्याची गोष्ट सांगतो. ग्रान टुरिस्मो माझ्यासाठी तोट्याचा गेम होता. नीड फॉर स्पीड लावलं की खेळणारा एक आणि मागे ओरडणारे पाच. मग ते पाचही तास विकत घ्यायचे, थम्सअप घ्यायचे. जीटीवाला पोरगा यायचा एकटा. कंपासपेटीतून मेमरी कार्ड काढायचा. आठ एमबीचं ते काळं कार्ड, वर चिकटपट्टी, पट्टीवर बॉलपेनने नाव आणि खाली 'हात लावू नये'. ते स्लॉटमध्ये सारायचं, लायसन्सची एकच परीक्षा लावायची आणि तासभर तेच वळण घेत बसायचं. ब्रेक लवकर दाबला, पुन्हा. उशिरा दाबला, पुन्हा. बाजूच्या टीव्हीवर पोलीस मागे लागलेत, गाड्या उडतायत, आणि ह्याचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर. सोन्याचा कप लागला तरी ओठ हलायचे नाहीत, कार्ड काढून पुन्हा कंपासपेटीत. बाकीची पोरं त्याला हेडमास्तर म्हणायची. मला तो आवडायचा, पण त्याच्यावर लाईटचं बिल निघत नव्हतं.

हे सांगतोय कारण तुमचा प्रश्न मुळात बघणाऱ्यांचा आहे. जीटी एकट्याने खेळायचा तर फार मोठा गेम आहे. बघायला बसवायचा असेल तर त्याला सजवावं लागतं.

आता ही भांडणं कुठून आली तेही बघा. पहिला ग्रान टुरिस्मो १९९७ चा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. पहिला फोर्झा २००५ चा, पण तो जुन्या एक्सबॉक्सवर, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी पाहिलाच नाही. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आला, पीएस३ त्याच्या पुढच्या वर्षी. त्या दोन-तीन वर्षांत ज्याच्या घरी जो डबा आला त्याची जात ठरली. पीएस३ घेतलेला जीटी ५ ची वाट बघत बसला, ३६० घेतलेल्याला दरम्यान फोर्झा २ आणि ३ मिळाले. वडिलांनी वाढदिवसाला एकच कन्सोल घेतलेला असतो. दुसरा घरात येणार नाही हे पोराला पक्कं माहीत असतं. मग जो आलाय तोच जगात भारी, असं त्याला म्हणावंच लागतं. तुमचे सीए साहेब त्यातलेच असणार. वयाचा हिशेब बरोब्बर बसतो.

गंमत म्हणजे दोघांनी एकमेकांना एकाच काठीने मारलंय. पोर्शचे हक्क वर्षानुवर्षं ईए या दुसऱ्याच गेम कंपनीकडे होते. त्यामुळे २०११ मध्ये फोर्झा ४ पोर्शशिवाय आला, तेव्हा जीटीवाले हसले. पण त्यांच्याकडेही पोर्श नव्हती, पोर्शवर काम करून गाड्या बनवणाऱ्या रुफच्या गाड्या दाखवून ते वेळ मारून नेत होते. फोर्झाला २०१२ मध्ये वेगळ्या पॅकमध्ये पोर्श मिळाली, जीटीला थेट २०१७ मध्ये. मग फोर्झावाले हसले. मधल्या काळात दोघांच्याही गॅरेजमध्ये भोक होतं आणि दोघंही समोरच्याचंच मोजत होते.

आणि आता तर भांडायला जागाच उरलेली नाही. २९ एप्रिल २०२५ पासून फोर्झा होरायझन ५ पीएस५ वरही आहे. म्हणजे तुमच्या पुढच्या चाळीत दोन्ही गेम एकाच डब्यावर चालतील. ही बातमी मागच्या चाळीत सांगताना जरा बेताने सांगा.

आता कामाचं. होरायझन स्टेजवर नको. त्यात एका पडद्याचे दोन भाग करून दोघांना खेळता येत नाही. २०२३ च्या फोर्झा मोटरस्पोर्टमध्येही ती सोय नाही. फोर्झा मोटरस्पोर्ट ७ मध्ये आहे, पण गाड्या वापरायच्या लायसन्सच्या मुदती संपल्या म्हणून तो सप्टेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रीतून काढला. मागच्या चाळीत कोणाकडे जुनी डिस्क असेल तर गोष्ट वेगळी. जीटी ७ मध्ये दोघं एका पडद्यावर खेळतात, पीएस५ वर नोव्हेंबर २०२३ च्या अपडेटपासून चौघंसुद्धा. पण चौघांचं करू नका, पडदा चार तुकड्यांत गेला की मागच्या खुर्चीवरच्या आजीला मुंग्या दिसतात.

समोरासमोर दोन माणसं पाहिजेत ताई. त्याशिवाय ओरडायला काही नसतं. म्हणून माझं मत जीटी ७, आणि हे मत तोटा सोसलेल्या माणसाचं आहे.

डोंबिवली_ड्रिफ्टर

काका, स्प्लिट स्क्रीनचं मान्य. पण जीटीत गाड्यांच्या सेटिंगमध्येच अर्धा तास जाईल.

पार्लरवाला_लालबाग

सेटिंगला हातच लावू द्यायचा नाही. सगळ्यांना एकच गाडी, एकच टायर. लाल फेरारी देऊ नका, नवखा माणूस पहिल्याच वळणावर भिंतीत. सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट द्या, जीटी ७ मध्ये आहे. स्विफ्ट वाडीतल्या प्रत्येकाने चालवली नसेल तरी तिच्यात बसलेला आहे. पडद्यावर स्विफ्ट आली की काकूसुद्धा बोलायला लागतील, "अगं, ही आपल्या शैलाच्या जावयाची."

ट्रॅक जपानमधला त्सुकुबा. दोन किलोमीटरच्या थोडा वर, नवख्याचीही फेरी दीड मिनिटाच्या आत. दोन फेऱ्या पुरे. मागच्या सरळ रस्त्यावर मागचा पुढच्याला गाठतो आणि शेवटच्या लांब उजव्या वळणात दोघं चिकटून येतात, तिथे मांडव उठेल. गाड्यांची मोडतोड बंद ठेवा. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, ऑटो गिअर या गाडी सावरायच्या मदती सगळ्यांना चालू. कोणी म्हणाला "मी हे वापरत नाही, माझा अपमान आहे" तर तो तुमच्या सीए साहेबांचा नातेवाईक समजा.

वर्गणीवाली

दादा, स्विफ्ट मंजूर. पण हिशेब बसत नाही. बेचाळीस जणांच्या बाद फेऱ्या म्हणजे एकेचाळीस लढती. खुर्ची बदलणं, हात पुसणं, फोटो धरून एकेक पाच-सहा मिनिटं. माझा स्पीकर दहाला बंद होतो आणि पोलीस चौकी जवळ आहे.

पार्लरवाला_लालबाग

खजिनदार शोभता. बेचाळीसच्या बेचाळीस स्टेजवर नकोतच. दुपारी कोणाच्या तरी घरी टाइम ट्रायल घ्या, प्रत्येकाला सरावाची एक फेरी आणि मोजायच्या दोन, उत्तम वेळ कागदावर. वेळ लिहायला दोन्ही चाळींतला एकेक माणूस बसवा, नाहीतर रात्री तक्रार येणार. पहिले आठ संध्याकाळी स्टेजवर. आठ जणांच्या सात लढती, तासाभरात उरकतं, बक्षीस समारंभासकट दहाच्या आत. लहान मुलांचा गट वेगळा करा, नाहीतर आठही जण तीस वर्षांवरचे निघतील आणि आया चिडतील.

एक धोका मात्र आहे, नेट. जीटी ७ नेटशिवाय नीट चालत नाही. नेट गेलं तर मोजक्याच गाड्या-ट्रॅक उरतात आणि प्रगती सेव्ह होत नाही. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटपायी त्यांचे सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद होते, जगभरात बोंब झाली. तसं पुन्हा होईल असं नाही, पण गणपतीत गिरगावात मोबाइल नेटवर्कची काय अवस्था असते ते तुम्ही रोज बघता. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर राहू नका. पहिल्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी राउटरमधून लांब लॅन केबल खाली सोडा आणि रेलिंगला बांधा. तोरणाच्या लाईटच्या वायरीबरोबर गुंडाळू नका. लाईटवाला रात्री एक ओढतो, दोन्ही निघतात.

मुलुंडकर

मी दोन्ही खेळतो, त्यामुळे मला दोन्हीकडून शिव्या बसतात. पार्लरवाल्या काकांनी बहुतेक सगळं सांगितलंय, फक्त प्रोजेक्टरचं राहिलं.

ताई, मांडववाल्याचा प्रोजेक्टर खेळणाऱ्यांसमोर ठेवू नका. तो आरतीचं लाइव्ह दाखवायला ठीक आहे. असल्या बऱ्याच प्रोजेक्टरवर चित्र किंचित उशिरा उमटतं. बघणाऱ्याला कळत नाही, पण खेळणाऱ्याने ब्रेक दाबलेला असतो आणि पडद्यावर गाडी अजून वेगातच असते. मग "कंट्रोलर खराब आहे" वरून भांडण. कोणाच्या तरी घरचा टीव्ही खाली आणा, त्याचा गेम मोड चालू करा, तो खेळणाऱ्यांसमोर. एचडीएमआय स्प्लिटर लावून तेच चित्र प्रोजेक्टरवर, लोकांसाठी. पडद्याला उशीर झाला तर होऊ दे. टीव्हीचं तोंड मात्र लोकांकडे नको, नाहीतर पुढच्या रांगेला आधी कळेल कोण जिंकलं आणि मागची रांग त्यानंतर ओरडेल.

स्टीअरिंग स्पर्धेत नको. एकाकडे आहे आणि एकेचाळीस जणांकडे नाही. तरी हौस म्हणून ठेवायचंच असेल तर आधी मॉडेल बघा. लॉजिटेकचं जी२९ प्लेस्टेशनवर चालतं, एक्सबॉक्सवर नाही. जी९२० एक्सबॉक्सवर चालतं, प्लेस्टेशनवर नाही. दिसायला भावंडं, त्यामुळे ऐनवेळी घोळ होतो. आणि मांडववाल्याच्या घडीच्या टेबलाला ते आवळू नका. वरचा कपडा घसरतो, क्लॅम्प सैल होतो आणि पहिल्याच वळणाला स्टीअरिंग माणसाच्या मांडीत येतं. जाड फळीचं जुनं टेबल शोधा, वाडीत एखादं असेलच.

बी_लायसन्स

जी२९ वाल्याला पेडल मागे सरकू नयेत म्हणून भिंतीला टेकवायला सांगा. बाकी काका, 'हेडमास्तर' मनाला लागलं. माझ्याही कार्डावर चिकटपट्टी होती.

पार्लरवाला_लालबाग

असणारच. नाव लिहिलेलं होतं ना? मग कुठल्या पार्लरचा तू, ते वेगळं विचारतो.

वर्गणीवाली

सगळ्यांचे आभार. आज जिन्यातच मीटिंग झाली. काय ठरलं ते लिहिते, म्हणजे पुढे कुणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणायला नको.

स्टेजवर जीटी ७, स्विफ्ट, त्सुकुबा, दोघं-दोघं. दुपारची टाइम ट्रायल पुढच्या चाळीत पहिल्या मजल्यावर, कागदावर दोघांच्या सह्या. टीव्ही माझ्या घरचा उतरतोय, गेम मोडचं बटण मुलाने शोधून ठेवलंय. लॅन केबलचे पैसे किरकोळ खर्चात टाकले.

पीएस५ वर फोर्झा चालतो हे मी मागच्या चाळीत अगदी बेताने सांगितलं. त्यांना ते आधीपासून माहीत होतं आणि तेच त्यांचं मुख्य दुखणं होतं. सीए साहेब म्हणाले, "आमचा गेम त्यांच्याकडे गेला, त्यांचा आमच्याकडे कधी येणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं की मांडवाच्या उजव्या बाजूला, चप्पल स्टँडच्या पलीकडे, दुसऱ्या टीव्हीवर होरायझन ५ दिवसभर चालू राहील. स्पर्धा-बिर्धा नाही, लहान मुलांनी यावं आणि गाडी डोंगरावरून सोडावी. रिवाइंडला पूर्ण परवानगी. अट एकच आली, तो एक्सबॉक्सवरच चालेल. चालू दे म्हटलं. पण मंडळाचं एक्स्टेन्शन बोर्ड एकच आहे आणि ते स्टेजला लागणार, दुसरं साहेबांनी स्वतःच्या घरून आणायचं.

ते आणतायत. तीन पिनचं, फ्यूजसकट.